परसातली टाकी

कोकणातल्या जुन्या घराची वाटणी होते तेव्हा तलाठ्याच्या दफ्तरातल्या उताऱ्यापासून माळ्यावरच्या तांब्यापितळेच्या भांड्यांपर्यंत प्रत्येक गोष्टीची नोंद होते. माड किती, पोफळी किती, विहिरीवर हक्क कुणाचा आणि पाखाडीची वहिवाट कुणाकडे, याचा तपशील कागदावर उतरतो व त्याखाली सगळ्यांच्या सह्या पडतात. परंतु परसात, न्हाणीच्या मागे, हातभर मातीखाली चिऱ्यांनी बांधलेली जी टाकी पन्नास-साठ वर्षे घराची सर्वांत नकोशी जबाबदारी मूकपणे वाहत असते, तिचे नाव त्या कागदावर कधी येत नाही. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या घरीही असेच घडले. आजोबांनी ती टाकी १९६८ साली बांधून घेतली. झाकण नेमके कुठे आहे हे त्यांना ठाऊक होते, वडिलांना अदमासाने ठाऊक होते, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा पहारीने जमीन ठोकत अर्धी सकाळ घालवावी लागली. शेवटी अनंताच्या झाडाजवळ पहार बद्द वाजली आणि खाली पोकळी आहे हे कळले.

या टाकीला खेड्यापाड्यांत सर्रास ‘सेफ्टी टँक’ म्हणतात. मूळ शब्द ‘सेप्टिक’. ग्रीक धातूपासून आलेल्या त्या विशेषणाचा अर्थ सडविणारा, कुजविणारा. लोकांच्या जिभेने सडण्याचा अर्थ टाकून सुरक्षिततेचा उचलला, आणि त्या अपभ्रंशाबरोबर एक घातक समजूतही रूढ झाली असे मला वाटते: टाकी एकदा बांधली की सगळे सुरक्षित झाले, पुढे पाहण्याचे कारण उरले नाही. वास्तविक या व्यवस्थेचा सारा आधार ‘सडविणे’ या क्रियेवर आहे, आणि ती क्रिया जिवंत असल्यामुळे तिच्याकडे अधूनमधून लक्ष पुरवावेच लागते.

फ्रान्समधील वेसूल गावच्या झाँ-लुई मुरास या गृहस्थाने १८६०च्या सुमारास आपल्या घराचे सांडपाणी एका बंद टाकीत सोडले आणि काही वर्षांनी ती उघडून पाहिली. ती घट्ट मैल्याने भरून गेली असेल अशी अपेक्षा असता तिच्यात बहुतांशी पाणीच आढळले, तेव्हा त्या आश्चर्यातून या शोधाचा उगम झाला. १८८१ साली त्याने त्याचे पेटंट घेतले. पुढे इंग्लंडातील एक्झेटर शहराचे अभियंते डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५-९६च्या सुमारास नगराच्या सांडपाण्यासाठी अशी टाकी बांधून तिला सेप्टिक हे नाव दिले. त्यानंतर अवघ्या एक-दोन वर्षांत हा प्रयोग आपल्या मुंबईत, माटुंग्याच्या कुष्ठधामात येऊन पोहोचला. तेथील टाकीतून निघणारा वायू साठवून त्यावर यंत्र चालविण्यापर्यंत त्या काळच्या अभियंत्यांची मजल गेली होती, आणि जैववायूच्या जागतिक इतिहासात त्या कुष्ठधामाचे नाव आजही घेतले जाते. ज्या रोग्यांना शहराने वेशीबाहेर काढले होते त्यांच्या वस्तीत हे शास्त्र आपल्या देशात पहिली पावले टाकत होते, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये असे मला मनापासून वाटते.

टाकीचे अंतरंग समजायला सोपे आहे. शौचकूपातून आलेले पाणी तिच्यात किमान एक दिवस, शक्य तर दोन दिवस, निवांत थांबले पाहिजे. त्या निवांतपणात जड द्रव्य तळाशी बसते, त्याला गाळ म्हणायचे. तेलकट, हलके द्रव्य वर तरंगून दुधावर धरावी तशी साय धरते. आणि या दोहोंच्या मधला, फिक्या चहाच्या रंगाचा पाण्याचा थर पलीकडच्या नळीवाटे शोषखड्ड्याकडे जातो. हवेवाचून जगणारे असंख्य सूक्ष्म जंतू तळाच्या गाळावर काम करून त्याचा पुष्कळसा अंश द्रवात आणि वायूत रूपांतरित करतात. पुष्कळसा, पण सर्व नव्हे. जे कुजत नाही ते वर्षानुवर्षे साचत राहते. दरमाणशी वर्षाला साधारण २५ ते ४० लिटर गाळ शिल्लक उरतो असा हिशेब धरला जातो. गाळ आणि साय मिळून टाकीचा एक तृतीयांश भाग व्यापू लागली म्हणजे उपशाची वेळ आली असे समजावे. घरगुती टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसावी अशी सरकारी मार्गदर्शक पुस्तिकांची शिफारस आहे. आमच्याकडे ती निदान बावीस वर्षे कुणी उघडलीदेखील नव्हती.

गाळ किती साचला हे अंदाजाने ठरवू नये, मोजून पाहावे. आणि मोजण्याची रीत अगदी साधी आहे. मी आठ हात लांबीची सरळ चिवारी घेतली, तिच्या खालच्या टोकाला तीन हात उंचीपर्यंत जुन्या पांढऱ्या धोतराची पट्टी घट्ट गुंडाळून सुतळीने बांधली, आणि झाकणाचा चिरा पहारीने सरकवून अर्धा तास सगळ्यांना दूर उभे केले. नंतर वाऱ्याची दिशा पाहून, वारा पाठीवर घेत, तोंड झाकणावर न आणता चिवारी सावकाश खाली सोडली. सायीचा थर फोडताना हाताला जाड दह्यासारखा विरोध जाणवला. त्याच्या खाली ती सहज उतरली आणि मग तळाच्या अलीकडे पुन्हा जड झाली. तळ लागल्यावर पाच मिनिटे ती तशीच धरून ठेवली आणि हळूहळू वर ओढली. धोतराच्या पट्टीवर तळापासून सव्वादोन वीत डांबरासारखा काळा रंग होता, त्यावर एकदम स्पष्ट रेघ आणि त्यापुढे फिकट तपकिरी ओल. चार फूट पाण्यात जवळजवळ वीस इंच गाळ! नळीने वास येतो, पाणी हळू जाते, भांड्यात बुडबुडे येतात, अशा ज्या तक्रारी काकू दोन वर्षे करीत होती आणि ज्यांवर आम्ही दर वेळी फिनेलची बाटली ओतीत होतो, त्यांचे उत्तर त्या धोतराच्या पट्टीवर लिहिलेले होते.

तक्रारींचे दुसरे कारण आम्ही स्वतःच निर्माण केले होते. सहा-सात वर्षांपूर्वी न्हाणीघर नव्याने बांधले तेव्हा गवंड्याने मोरीची नळी जवळ पडते म्हणून याच टाकीला जोडून दिली, आणि ‘एकच लाइन झाली, बरे झाले’ म्हणून आम्हीही तिला संमती दिली. पूर्वी न्हाणीचे पाणी दगडी पाटाने केळीच्या आळ्यात आणि तेथून अळू-कर्दळीकडे जात असे. आमच्या आजीला शोषखड्ड्याचे गणित कुणी शिकवले नव्हते, पण साबणाचे पाणी कुठे जावे आणि मैल्याचे कुठे, हा विवेक त्या पाटात होता. एरवी घरात चारच माणसे असत, तोवर फारसे बिघडले नाही. गणपतीला मुंबई-पुण्याहून तीस माणसे आली आणि गौरीजेवणाच्या सकाळी टाकीने अंग टाकले. हिशेब करून पाहिला तर नवल वाटू नये. आठ फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट पाणी, म्हणजे १२८ घनफूट, म्हणजे सुमारे ३६०० लिटर. गाळ आणि साय वजा जाता निम्मी जागाच शिल्लक, १८०० लिटर. तीस माणसांचे नुसते शौचाचे पाणी दरमाणशी ४० लिटर धरले तरी १२००. त्यात स्नानाचे आणि धुण्याचे २४०० मिळविले की दिवसाला ३६०० लिटर. ज्या पाण्याने किमान एक दिवस थांबायचे ते बारा तासांतच बाहेर ढकलले जात होते, आणि जाताना गाळ ढवळून आपल्याबरोबर शोषखड्ड्यात नेत होते. त्यातून भाद्रपदातली भिजून तुडुंब झालेली जमीन. शोषखड्ड्याला शोषायला जागाच नव्हती.

टाकी तुंबली तर ती उपसता येते, परंतु गाळाने बुजलेला शोषखड्डा पुन्हा जिवंत करणे फार कठीण जाते. बहुधा दुसरा खणावा लागतो. म्हणून टाकीच्या बाहेर जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी जी ‘टी’ असते, म्हणजे साय अडविण्यासाठी पाण्यात बुडविलेला इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा नळीचा तुकडा, ती शाबूत आहे की नाही हे पाहणे अगत्याचे आहे. आमची सिमेंटची टी केव्हाच गळून पडली होती. उपसा झाल्यावर बाहेरच्या बाजूने माती उकरून, आत कुणीही न उतरता, प्लास्टिकची नवी नळी सरकवून घेतली.

येथे विहिरीचा विषय काढल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. टाकीतून बाहेर पडणारे पाणी दिसायला कितीही निवळलेले असो, ते रोगजंतूंनी भरलेलेच असते. त्याला खरी शुद्धी मातीत मिळते, आणि तीही माती जाड, सच्छिद्र व कोरडी असेल तर. भारतीय मानकाने शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून १८ मीटर, म्हणजे सुमारे साठ फूट, दूर असावा असे सांगितले आहे. कोकणातला जांभा मात्र या बाबतीत फसवा आहे. त्याच्या भेगांतून पाणी गाळले न जाता ओहोळासारखे धावते, त्यामुळे साठ फुटांचे अंतरही तेथे पुरेसे ठरेल याची हमी देता येत नाही. विहीर उताराच्या वरच्या अंगाला असावी, शोषखड्डा खालच्या अंगाला. आणि दरवर्षी पावसाळ्याच्या आधी व नंतर विहिरीच्या पाण्याचा नमुना ग्रामपंचायत किंवा आरोग्य केंद्रामार्फत तपासून घ्यावा. आमच्या विहिरीचे अंतर मोजले तर त्रेपन्न फूट निघाले. नवा शोषखड्डा खालच्या आगरात खणण्याचे ठरले ते त्याच दिवशी, आणि तोवर पिण्याचे पाणी उकळून घेण्याचा नियम घरात लागू झाला.

जंतूंना मारणाऱ्या वस्तू टाकीपासून दूर ठेवाव्यात हे तर उघडच आहे. भांडे घासायला थोडा साबण लागला म्हणून बिघडत नाही. परंतु आठवड्याला बाटलीभर ॲसिड किंवा फिनेल ओतले की ज्यांच्या जिवावर टाकी चालते त्यांचाच संहार होतो. उलट बाजारात ‘जंतूंची पावडर’ म्हणून ज्या पुड्या विकल्या जातात त्यांची चालू टाकीला गरज नसते. मैल्याबरोबर हवे ते जंतू रोज येतच असतात, आणि कोणतीही पुडी साचलेला गाळ नाहीसा करून उपसा टाळू शकत नाही. कापूस, चिंध्या, मुलांचे लंगोट, प्लास्टिक, पाळीच्या वेळचे पॅड, यांपैकी काहीही भांड्यात टाकू नये. आमच्या टाकीतून उपशाच्या वेळी जे निघाले ते पाहून घरातल्या लहानथोरांना हे पुन्हा सांगावे लागले नाही. टाकीवर माड किंवा पिंपळ रुजू देऊ नये, मुळे चिऱ्यांच्या सांध्यांत शिरतात. आणि हवेच्या नळीच्या टोकाला बारीक जाळी बांधावी. हत्तीरोगाचा प्रसार करणारा क्युलेक्स डास अशाच घाण पाण्यात वाढतो. गावचे आरोग्यसेवक घरोघर फिरून नळ्यांना कापड किंवा जाळी बांधा म्हणून विनवतात ते याचसाठी, आणि आपण मात्र ते गेल्यावर विसरतो.

आता या विषयातली सर्वांत गंभीर गोष्ट. उपशाची वेळ आली तेव्हा वाडीतल्या अण्णांनी आपुलकीने सुचविले की एक माणूस ओळखीचा आहे, तो बादलीने उपसून देतो, दिवसाचे काम आहे. मी नको म्हटले आणि त्याचे कारण त्यांना पडवीत बसवून सांगितले. तेच येथे लिहितो. बंद टाकीत गाळ कुजताना मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होतात. शेवटच्या वायूला सडक्या अंड्याचा वास असतो, परंतु त्याचे प्रमाण वाढले की तो आधी घ्राणेंद्रियच बधिर करतो. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि त्याच श्वासाला खाली कोसळतो. गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम मोकळा होतो, म्हणून दोन तास झाकण उघडे ठेवले होते ही सबब तेथे चालत नाही. कंदील सोडून पाहण्याची विहिरीवरची रीत येथे दुहेरी धोक्याची: मिथेन असेल तर स्फोट होतो, आणि मारक प्रमाणात हायड्रोजन सल्फाइड असूनही कंदील खुशाल जळत राहतो. एक पडला म्हणून दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. बाप आणि मुलगे, भाऊ आणि भाऊ एकाच टाकीत गेल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रात दरवर्षी वाचतो.

२०१३च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारीच्या वा सेप्टिक टाकीच्या सफाईला लावणे हा गुन्हा ठरविला आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ती कंत्राटदाराला लागू आहे तशी घरमालकालाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी २०१४ साली दहा लाख रुपयांची भरपाई ठरवून दिली आणि २०२३च्या ऑक्टोबरात ती तीस लाखांवर नेली. या रकमा वाचताना मला नेहमी वाटते की उतरणारा माणूस बहुतेक ठरावीक जातींतलाच का असतो, हा प्रश्न भरपाईच्या आकड्याने सुटत नाही. याच कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी तो प्रश्न आपल्या अंगावर घेतला होता. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले, उच्चवर्णीय म्हणून ते नाकारले गेले, तेव्हा त्यांनी अन्नत्याग आरंभिला आणि येरवड्याहून गांधीजींनी त्यांना उपोषणाची साथ दिली. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात त्यांनी आलटून पालटून वापरायच्या दोन कप्प्यांच्या संडासाची रचना सिद्ध केली, ज्यात मैला माती-पाचोळ्याखाली कुजून त्याचे सोनखत होते आणि ओला मैला कुणाच्याही हाताला लागत नाही. त्यांच्या मागून देहूसारख्या गावात डॉ. सुहास मापुसकरांनी शौचालयाला जैववायूची जोड देत हेच काम आयुष्यभर केले. ज्यांना नव्याने बांधायचे आहे, माणसे थोडी आहेत आणि भूजल खोल आहे, त्यांनी टाकीऐवजी दोन खड्ड्यांच्या शौचालयाचा विचार अवश्य करावा. एक खड्डा भरल्यावर तो बंद करून दुसरा चालू करायचा आणि पहिल्यातून वर्ष-दोन वर्षांनी निघते ते कोरडे, वास नसलेले खत. मुंबई सोडून कायमचा घरी आलो असतो तर मीही तेच केले असते.

आम्ही तालुक्याच्या गावाहून मैला ओढणारी गाडी मागविली. पाखाडीवरून ती येणे शक्य नव्हते, म्हणून रस्त्यावर उभी करून गडग्यावरून आणि पोफळींमधून सव्वाशे फूट नळी आणली. दोन्ही कामगार हातमोजे आणि बूट घालून झाकणापासून हातभर दूर उभे होते. आत उतरण्याची वेळ कुणावरही आली नाही. घट्ट झालेला गाळ पाण्याच्या झोताने सैल करीत त्यांनी टाकी रिकामी केली आणि तळाशी दोन बोटे गाळ मुद्दाम ठेवला, विरजणाला ठेवतात तसा. टाकी धुऊन लखलखीत करायची नसते. लागलीच ती साध्या पाण्याने भरून ठेवायची, म्हणजे भूजलाचा दाब भिंतींवर एकतर्फी येत नाही आणि जंतूंचा संसार पुन्हा मांडला जातो. हे काम चैत्र-वैशाखातच उरकावे, पावसाळ्यात रिकामी टाकी ठेवू नये.

गाडी निघताना मी चालकाला विचारले की हा मैला कुठे जाणार. त्याने उत्तर द्यायला जो वेळ घेतला त्यातच उत्तर होते. सिन्नर आणि वाई या नगरपरिषदांनी ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे घरोघरच्या टाक्या उपसून तो गाळ प्रक्रिया केंद्रात नेण्याची पद्धत बसविली आहे. खेड्यांच्या नशिबी मात्र अजून बहुतेक ठिकाणी जवळचा नाला नाही तर पडीक माळ आहे. एका घराची टाकी स्वच्छ झाली आणि खालच्या वाडीचा वहाळ नासला, तर त्याला व्यवस्था म्हणता येणार नाही. पुढच्या ग्रामसभेत आमच्या पंचायतीपुढे मी हा विषय लेखी मांडणार आहे: तालुक्याच्या ठिकाणी गाळ स्वीकारणारी जागा हवी, आणि तोवर गाडी कुठे रिकामी होते याची नोंद पंचायतीच्या दफ्तरी हवी.

वाचकहो, येत्या मे महिन्यात गावच्या घरी जाल तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आपल्या टाकीचे झाकण कुठे आहे ते पाहून घ्या, त्याची जागा दोन भिंतींपासून मोजून कागदावर लिहा आणि तो कागद घराच्या दस्तऐवजांत ठेवा. झाकणाला चीर असेल तर ते त्याच दिवशी बदला, कारण खेळणारे मूल त्या चिरेवरूनच धावणार आहे. आणि कुणी बादली घेऊन आत उतरायला तयार झाला, तो कितीही अनुभवी असो, मजुरी कितीही थोडी मागो, त्याला दारातूनच परत पाठवा.